फोटो काढणे

गाझियाबादला राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात कसल्याशा अर्जाला लावायला पासपोर्ट आकाराचा फोटो हवा होता. घंटाघराजवळच्या एका लहानशा स्टुडिओत शिरले आणि म्हटले, "भैया, फोटो निकालनी है." काउंटरमागच्या माणसाने माझ्याकडे पाहिले, हातातल्या पिशवीकडे पाहिले आणि विचारले, "कहाँ से?" जुना फोटो कुठल्या तरी अल्बममधून किंवा पेनड्राइव्हमधून काढून हवा आहे, असा त्याचा समज झाला होता. मुंबईत किंवा नागपुरात 'फोटो निकालना' म्हटले की कुणी चमकत नाही, कारण तिथल्या हिंदीच्या पाठीशी मराठी उभी असते. इथे ती नव्हती. "अच्छा, खिंचवानी है," असे म्हणून त्याने माझे वाक्य दुरुस्त केले आणि स्टुलाकडे बोट दाखवले.

हा प्रसंग मी हसून सोडून दिला होता. गेल्या वर्षी एका हिंदी कथेचा मराठी अनुवाद करताना तो परत आला आणि या वेळी काही हसण्यासारखा वाटला नाही. कथेत एक आजी आहे. ती आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओत जाऊन फोटो 'खिंचवाती' है. घरी तिची नात तिचे चित्र 'बनाती' है. लेखिकेने ही दोन क्रियापदे जाणीवपूर्वक समोरासमोर ठेवली आहेत. एकात ओढून घेणे आहे, दुसऱ्यात घडवणे. कथेचा सगळा ताण त्या फरकावर. मराठीत आणताना माझ्या हातून सहज लिहिले गेले ते असे: आजीने फोटो काढला, नातीने चित्र काढले. दोन्हीकडे काढणे. ताण नाहीसा!

अनुवादकाला 'काढणे' हे क्रियापद तसे नेहमीच छळते. आपण रांगोळी काढतो, नक्षी काढतो, विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, कर्ज काढतो, मासिक काढतो, कुणाची आठवण काढतो, रुसलेल्याची समजूत काढतो. हिंदीत प्रत्येक ठिकाणी वेगळे क्रियापद शोधावे लागते. दृष्ट काढतो तिथे हिंदी 'नज़र उतारती' है. गंमत म्हणजे जुन्या हिंदीत फोटोही 'उतारते' होते, आणि नक्कलही. पण या सगळ्या पसाऱ्याच्या तळाशी दोनच कृती आहेत. एक, आत असलेले बाहेर आणणे. दुसरी, कोऱ्या पृष्ठभागावर आकार उमटवणे. फोटो काढण्यात यांतली कोणती?

शेजारच्या भाषांकडे पाहिले तर प्रश्न अधिक नेमका होतो. बंगालीत छबी 'आँका' म्हणजे चितारणे आणि छबी 'तोला' म्हणजे फोटो काढणे. तोला म्हणजे उचलणे. गुजरातीत चित्र 'दोरतात' आणि फोटो 'पाडतात'. कन्नडमध्ये फोटो 'तेगे', म्हणजे अगदी आपल्यासारखे बाहेर काढणे. पण चित्रासाठी कन्नड बहुधा लिहिण्याचे नाहीतर उलगडण्याचे क्रियापद वापरते. उर्दूत तस्वीर 'खींचना' ब्रशनेही होते आणि कॅमेऱ्यानेही. हे खींचना फारसीतल्या 'कशीदन'च्या वळणावर गेलेले. कशीदन म्हणजे ओढणे, आणि रेखाटणेही. आपला 'कशिदा' त्यातूनच आला आणि मराठीत येऊन तोही आपण 'काढू' लागलो. इंग्रजी 'ड्रॉ'चेही तेच: दोरी ओढणे आणि चित्र काढणे, एकाच शब्दात. म्हणजे हात कागदावरून ओढत नेण्याची ही आठवण बऱ्याच भाषांत आहे. फरक एवढाच की कॅमेरा आल्यावर काही भाषांनी त्याच्यासाठी वेगळे क्रियापद घेतले. मराठीने घेतले नाही.

ही मराठीची गरिबी आहे, की तिला काही कळले होते? मला हा प्रश्न व्याकरणाचा वाटत नाही. कॅमेऱ्याच्या जन्माची गोष्ट आपण कशी सांगतो, याच्याशी तो बांधलेला आहे.

*

काही वर्षांपूर्वी दिल्लीतल्या एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ अभ्यासकांनी सांगितले की चांगला अनुवाद फोटोसारखा नसतो, तो पेंटिंगसारखा असतो. सभागृहाने माना डोलावल्या. मीही डोलावली. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात शिकलेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचे वाटेल. त्यात गृहीत असे की फोटो म्हणजे यंत्राने घेतलेली प्रत: हात नाही, निवड नाही, म्हणून श्रेयही नाही. अनुवादकाला हिणवायचे असेल तर त्याला फोटोग्राफर म्हणायचे, गौरवायचे असेल तर चित्रकार. हे गृहीतक कॅमेऱ्याच्या आरंभाशी लावून पाहिले की टिकत नाही.

'कॅमेरा' हा लॅटिन शब्द, अर्थ खोली. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक ठेवले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे पडते. इब्न अल्-हैथमने अकराव्या शतकाच्या आरंभी प्रकाशशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा पद्धतशीर विचार केला. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' हे नाव केप्लरने १६०४ मध्ये वापरले. पुढे खोलीची पेटी झाली, छिद्रात भिंग बसले, आणि चित्रकार काचेवर पडलेल्या प्रतिमेवर कागद ठेवून रेषा गिरवू लागले. म्हणजे कॅमेरा जुना. त्यातली प्रतिमा कागदावर टिकवून धरणारे रसायन तेवढे नवे. या खोलीचा मराठीत एक विनोदी शेवट झाला आहे. न्यायालयाची 'इन कॅमेरा' सुनावणी म्हणजे बंद दाराआडची सुनावणी. मराठी वर्तमानपत्रांत मात्र 'इन कॅमेरा शवविच्छेदन' म्हणजे चित्रीकरण करून केलेले शवविच्छेदन. एकाच शब्दाने दार लावले आणि उघडलेही.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज गृहस्थाची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी. ऑक्टोबर १८३३. इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठी तो बायकोबरोबर सहलीला गेला होता. हातात 'कॅमेरा ल्युसिडा', म्हणजे वोलॅस्टनने काढलेले एक छोटे लोलक-यंत्र, ज्यातून पाहिले की समोरचे दृश्य कागदावर पडल्यासारखे दिसते आणि पेन्सिलीने ते गिरवता येते. (नावात खोली आहे, वस्तूत खोलीचा पत्ता नाही.) टॅल्बटला काही ते जमेना. लोलकातून डोळा हटवला की कागदावर उरलेल्या रेघा केविलवाण्या दिसत. त्याची पत्नी कॉन्स्टन्स चांगली चित्रे काढी. याला येत नव्हते. आणि त्याच्या मनात आले की ही प्रतिमा कागदावर आपली आपण उमटून राहिली तर? हे सगळे त्याने स्वतःच 'द पेन्सिल ऑफ नेचर' या पुस्तकाच्या प्रस्तावनेत प्रांजळपणे सांगितले आहे. पुस्तक १८४४ ते १८४६ या काळात सहा भागांत निघाले आणि त्यात खरे फोटो चिकटवलेली २४ पाने होती.

मला या प्रस्तावनेत सर्वांत जास्त रस आहे तो तिच्यातल्या क्रियापदात. कोमोच्या काठी आपण काय करत होतो हे सांगताना टॅल्बट रेखाचित्रांसाठी 'टेक' हेच क्रियापद वापरतो. आज इंग्रजीत फोटो 'टेक' करतात, रेखाचित्र 'ड्रॉ' करतात. १८३३ सालच्या माणसाला ही वाटणी ठाऊक नव्हती. जानेवारी १८३९ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे आपली पद्धत मांडली तेव्हा तिला नाव दिले 'फोटोजेनिक ड्रॉइंग'. मराठीत याचा नेमका अनुवाद काय होईल? प्रकाशाने काढलेले चित्र. 'फोटोग्राफी' हा शब्द जॉन हर्शेलने त्याच वर्षी मार्चमध्ये मांडला आणि तो रुळला. (ब्राझीलमध्ये राहणाऱ्या एर्क्यूल फ्लोरांस नावाच्या फ्रेंच माणसाने तो त्याआधी पाचेक वर्षे आपल्या वहीत लिहून ठेवला होता, जगाला ते कळायला विसावे शतक उजाडावे लागले.) 'ग्राफी'मध्ये लिहिणेही आहे आणि रेखाटणेही. म्हणजे नामकरण करणाऱ्या दोघांनाही हे काढण्याचेच काम वाटत होते. प्रश्न फक्त कोण काढते हा होता.

टॅल्बटचे उत्तर: निसर्ग. आपल्या लॅकॉक ॲबी या घराबद्दल तो म्हणतो की स्वतःचे चित्र स्वतः काढणारी ही पहिलीच इमारत असावी. पुस्तकाबरोबर एक चिठ्ठीही वाचकाला दिली होती, की ही चित्रे केवळ प्रकाशाने उमटलेली आहेत, कलावंताच्या पेन्सिलीचा त्यांत काही भाग नाही. पण पुस्तकातले 'उघडे दार' हे प्रसिद्ध चित्र पाहावे. अर्धवट उघडे दार, आत काळोख, चौकटीला तिरका टेकवलेला झाडू. तो झाडू तिथे निसर्गाने ठेवला नव्हता. शेजारच्या मजकुरात टॅल्बट डच चित्रकारांचा हवाला देतो: रोजच्या साध्या वस्तूही चित्राचा विषय होऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले आहे. हात नाही असे चिठ्ठीत सांगायचे आणि झाडूचा कोन मात्र नीट जुळवायचा! मला हे पुस्तक आवडते ते या विसंगतीमुळे. अनुवादकाच्या प्रस्तावनाही अशाच असतात. 'मी केवळ माध्यम' असे लिहून झाल्यावर पुढच्या तीनशे पानांत प्रत्येक स्वल्पविराम आपण जागेवर ठेवलेला असतो.

त्याच पुस्तकात फडताळावर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे एक चित्र आहे. त्यावर टॅल्बट म्हणतो, ही भांडी उद्या चोरीला गेली आणि हे मुके चित्र न्यायालयात साक्षीला आणले, तर तो नव्या तऱ्हेचा पुरावा ठरेल. १८४४ साल. आमच्या सोसायटीच्या फाटकावर 'आप कैमरे की निगरानी में हैं' अशी पाटी आहे. तिची मुळे इथपर्यंत जातात. कॅमेऱ्याचे दोन्ही स्वभाव एकाच पुस्तकात, दोनचार पानांच्या अंतराने: काढणारा आणि पकडणारा. पुढच्या काळात पकडणाऱ्याची भाषा वरचढ ठरली. 'शूट', 'कॅप्चर'. हिंदीत 'कैमरे में क़ैद'. अलीकडे मराठी बातम्यांतही घटना 'सीसीटीव्हीत कैद' होऊ लागल्या आहेत. मराठीला याची गरज नव्हती. आपल्याकडे 'टिपणे' होते: दाणे टिपणारे पाखरू, शाई टिपणारा टीपकागद. त्यातही घेणे आहे, पण तुरुंग नाही.

*

'पहिला कोण' या प्रश्नावर फार वेळ घालवू नये. निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणारे दृश्य कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराच्या थरात उमटवले. त्याला निदान आठ तास ऊन लागले असे मानतात. तो १८३३ मध्ये वारला. त्याचा भागीदार दागेर याची पद्धत ७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि १९ ऑगस्टला तिचा तपशील जगासाठी खुला झाला. वॉल्टर बेंजामिनने १९३१ मध्ये फोटोग्राफीचा छोटेखानी इतिहास लिहिताना सुरुवातीलाच म्हटले आहे की शोधाची घटका भरली होती आणि ती अनेकांना एकाच वेळी जाणवली होती. हा तोच बेंजामिन, ज्याने आठ वर्षे आधी अनुवादकाच्या कार्यावरचा निबंध छापला होता. दोन्ही निबंध एकाच माणसाचे आहेत हे आपण वर्गात सांगतो आणि पुढे जातो. खरे तर दोन्हीकडे एकच विचारणा आहे: मूळ वस्तूचे तिच्या प्रतिरूपात काय होते, तिला कोणते नवे आयुष्य मिळते.

दागेरबद्दल एकच गोष्ट मला पुढे लागणार आहे. तो पॅरिसच्या नाट्यगृहांचे पडदे रंगवणारा चित्रकार होता.

*

मुंबईत कॅमेऱ्याची बातमी लवकर पोचली. १८५४ च्या ऑक्टोबरात मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, हिंदुस्थानातली पहिली. कलकत्ता आणि मद्रास दोन वर्षांनी आले. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा व्यावसायिक छायाचित्रकार तयार झाला. पुढे सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलातला ल्युमिएर बंधूंचा खेळ पाहिला, इंग्लंडहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती चित्रित केली. फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. ही यादी शाळेच्या पुस्तकातही सापडते.

फाळक्यांबाबत मात्र जरा थांबावेसे वाटते. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी केलेला छोटा चित्रपट होता कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ. कॅमेरा एका जागी, झाड आपल्या गतीने वाढते आहे, आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट. पडद्यावर ते झाड मिनिटभरात वर येते. ही भांडवलदाराला यंत्राची करामत दाखवण्याची युक्ती होती, असे नेहमी सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. पण टॅल्बटच्या निसर्गाच्या पेन्सिलीशी इतके जवळ जाणारे दुसरे उदाहरण मला आपल्याकडे दिसत नाही. वाटाण्याने स्वतःचे चित्र स्वतः काढले, आणि कुंडी खिडकीत कुठे ठेवायची हे फाळक्यांनी ठरवले.

आणि आता कोल्हापूर. बाबूराव पेंटर यांचा जन्म १८९० चा. घराण्याचे आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव कारागीर, घरात लाकूड, लोखंड, रंग आणि मूर्ती यांची कामे. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे १९१० नंतरच्या काळात संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे नावाजलेले चित्रकार. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच आडनाव झाले. मला या नावाचा फार मोह आहे. मेस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून मराठीत आला, पेंटर इंग्रजीतून. म्हणजे एका परक्या भाषेतला कारागीर जाऊन दुसऱ्या परक्या भाषेतला कारागीर आला, आणि माणूस मात्र कोल्हापूरचाच राहिला. दोन्ही नावे धंद्याची. वंशाचे किंवा गावाचे नाव नाही, हाताचे.

फाळक्यांचे चित्रपट पाहून या दोघा भावांना चित्रपट काढायचे वेड लागले. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला, खेळ दाखवले, आणि यंत्र समजून घ्यायला सुरुवात केली. कॅमेरा जुळवण्याचे काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन ते पुढे नेले आणि १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा तयार झाला. त्यावर काढलेला महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमाकेसरी' म्हटले. कोल्हापुरात खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे.

मराठीत या कॅमेऱ्यावर जे लिहिले जाते ते बहुतेक स्तंभासारखेच असते: पहिला, स्वदेशी, भारतीय बनावटीचा. अभिमान चूक नाही. पण 'स्वदेशी' म्हटल्यावर लगेच शंका येते, कारण त्यात घालायची कच्ची फिल्म परदेशातूनच येत होती. 'पहिला' म्हटल्यावर दुसरी शंका: जगात कॅमेरे होतेच, मग हा शोध कसा? ही तर नक्कल. आणि मग आपण बचावाच्या पवित्र्यात जातो, साधने नव्हती, पैसा नव्हता, शिक्षण नव्हते, असे सांगू लागतो. म्हणजे कामाचा गौरव करायला कामाबद्दल बोलायचे सोडून परिस्थितीबद्दल बोलतो. अनुवादित पुस्तकांची परीक्षणे याच वाटेने जातात, म्हणून मला ती ओळखू येते.

काम काय होते ते पाहू. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्म सलग धावत नाही. एक नखासारखा भाग फिल्मच्या कडेच्या छिद्रात अडकतो, तिला एका चौकटीइतके खाली ओढतो, सोडतो. तेवढ्या वेळात पडदी भिंग झाकून धरते. मग फिल्म क्षणभर स्थिर, पडदी उघडते, प्रकाश आत येतो. पुन्हा झाक, पुन्हा ओढ. हाताने दांडा फिरवायचा आणि हे सेकंदाला सोळाएक वेळा, एकाही चौकटीत केसभर न हलता. (इथे हिंदीचे 'खींचना' शब्दशः खरे होते, हे मान्य करायला हवे.) प्रोजेक्टरमध्येही हेच घडते, फक्त प्रकाश उलट दिशेने जातो: आतून बाहेर. ल्युमिएर बंधूंचे १८९५ चे मूळ यंत्र तर कॅमेरा, छपाई आणि प्रोजेक्टर ही तिन्ही कामे एकाच पेटीत करत असे. म्हणून प्रोजेक्टर उघडून कॅमेऱ्यापर्यंत पोचणे शक्य होते. पण शक्य असणे आणि जमणे यांत बराच पल्ला आहे. दाखवणारे यंत्र थोडे थरथरले तर प्रेक्षक कुरकुरतो. टिपणारे यंत्र थरथरले तर ती थरथर चित्रात कायमची शिरते. दाखवणाऱ्या पेटीत थोडा प्रकाश झिरपला तरी चालतो. कॅमेऱ्यात झिरपला तर फिल्म गेली.

मला हे वाचताना नेहमी वाटते, की बाबूराव आणि आनंदराव अनुवादावरून मूळ संहितेकडे निघाले होते. समोर होते ते दाखवणारे यंत्र. त्यावरून त्यांना पाहणारे यंत्र शोधून काढायचे होते. मी एकदा कानडी कथा तिच्या इंग्रजी अनुवादावरून मराठीत आणली आहे आणि इंग्रजी वाक्याच्या मागे कानडी वाक्य कसे उभे असेल याचा अंदाज घेत महिने काढले आहेत. त्यात काही जागी मी चुकले, हे नंतर कानडी जाणणाऱ्या मैत्रिणीने दाखवून दिले. कॅमेऱ्याला असे चुकण्याची सोय नव्हती. तो एकतर चालतो किंवा चालत नाही.

टॅल्बटच्या लहान कॅमेऱ्यांची इथे आठवण येते. लॅकॉकच्या गावच्या सुताराकडून करून घेतलेल्या त्या लाकडी पेट्या घरभर पडलेल्या असत आणि कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणे. १८३५ च्या ऑगस्टमध्ये त्याने काढलेली खिडकीची निगेटिव्ह पोस्टाच्या तिकिटाएवढी आहे. म्हणजे लॅकॉकलाही सुतार होता आणि कोल्हापुरातही मेस्त्री. फरक इतिहास लिहिणाऱ्यांनी केला: तिकडच्या सापळ्याला शोध म्हटले, इकडच्या पेटीला जिद्द.

दागेर पडदे रंगवत होता, बाबूरावही. दोघे ऐंशी वर्षांच्या अंतराने एकाच दारातून कॅमेऱ्याकडे आले. मी याला योगायोग मानत नाही. नाटकाचा पडदा रंगवणाऱ्याला रोज एकच प्रश्न असतो: सपाट कापडावर खोली कशी दाखवायची आणि उजेड कुठून पाडायचा. कॅमेऱ्याचाही प्रश्न तोच. पण पुढे बाबूरावांनी जे केले ते दागेरने केले नाही. कॅमेरा हातात आल्यावर त्यांनी चित्रपटातून रंगवलेले पडदे हळूहळू हद्दपार केले आणि त्याजागी उभे, चालता-फिरता येतील असे सेट बांधले. ज्या कामावर नाव झाले तेच मोडीत काढले. (पाहा, मोडीतही आपण काढतोच.) चित्रकला मात्र सोडली नाही. पात्रांचे पोशाख, हालचाली, प्रसंगांची मांडणी यांची रेखाटने ते आधी स्वतः करत. जाहिरातीची भित्तिचित्रेही त्यांच्याच हातची. म्हणजे चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेरा जे काढणार ते आधी पेन्सिलीने काढलेले असे. टॅल्बटला पेन्सिल जमली नाही म्हणून कॅमेरा सुचला. बाबूरावांना पेन्सिल पुरेपूर जमत होती, तरी कॅमेरा हवा होता. हाताची उणीव हे कॅमेऱ्याच्या जन्माचे एकमेव कारण नाही, एवढे तरी कोल्हापूरवरून सिद्ध होते.

त्या काळातले कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. आपण त्यांच्याबद्दल बोलतो ते आठवणी, छापील पुस्तिका, सुटे फोटो यांच्या आधाराने. मूळ संहिता गेली आणि भाषांतरे तेवढी उरली, अशी अवस्था. तरीही शब्द उरला आहे. कोल्हापुरात जुनी माणसे 'बाबूरावांनी सिनेमे काढले' असेच म्हणतात. बनवले नाहीत, घेतले नाहीत. काढले.

*

आजीच्या कथेकडे परत येते. मी कितीतरी पर्याय लिहून पाहिले. फोटोसाठी 'टिपला' घेतले तर आजी पाखरासारखी दाण्यावर झडप घालते आहे असे वाटे. नातीच्या चित्रासाठी 'रेखाटले' घेतले तर सहा वर्षांच्या मुलीच्या हातात एकदम कलामहाविद्यालयाची पदविका आली. 'खिंचवाई'चा प्रयोजक अर्थ राखायला 'फोटो काढून घेतला' बरे होते, आणि पहिल्या मसुद्यात मी ते ठेवलेही. मग लक्षात आले की मराठी घरांत असे कुणी म्हणत नाही. "लग्नानंतर आम्ही स्टुडिओत जाऊन फोटो काढला," असे माझी आई सांगते. कॅमेऱ्यामागे तिसराच माणूस होता तरी. मराठीत समोर बसणाराही फोटो काढतो आणि काळ्या कापडाखाली डोके घालणाराही. टॅल्बटचे घर जसे स्वतःचे चित्र काढते, तशी मराठी आजी स्वतःचा फोटो काढते. हिंदीतला ताण दोन क्रियापदांमधला होता; मराठीत तो एकाच क्रियापदाच्या कर्त्याकडे आला. कथा बदलली का? थोडी बदलली. मूळ लेखिकेला मी फोन करून हे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की तिची स्वतःची आजी भुसावळची होती.

मुद्रिते आली तेव्हा संपादकांनी दोन ठिकाणी खूण केली होती. पहिल्या 'काढला'वर सुचवले होते: 'टिपला?' दुसरी खूण त्याच वाक्यावर: 'आजीने काढला की आजीचा काढला?' मी पहिली सुचवणी खोडली. दुसरीच्या समोर लिहिले: दोन्ही, असेच ठेवावे.